छताची गोधडी

आमच्या घरात दुपारपेक्षा संध्याकाळ वाईट. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. ऊन उतरलं म्हणजे गार व्हायला हवं ना, असं तो म्हणतो. त्याला म्हणावं, बदलापूरला ये, कात्रपमध्ये आमच्या शेवटच्या मजल्यावर ये, आणि एप्रिलात दिवेलागणीला छताखाली उभा राहून बघ. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की ते सगळं आमच्या डोक्यावर ओततो. पंखा लावला तर तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. चादर ओली करून अंगावर घेणारी माणसं आहेत आमच्या इमारतीत, आणि ती काही वेडी नाहीत.

हा मजला सासूबाईंनीच पसंत केला होता. लग्न झाल्यापासून त्या उल्हासनगरला कॅम्पात तळमजल्यावर राहिलेल्या. वरचे लोक पहाटेपासून मसाला कुटायचे आणि इकडे भांड्यांच्या फळीवरची वाटी न् वाटी थरथरायची. म्हणून बदलापूरला घर बघताना त्यांनी एकच अट घातली होती, "माझ्या डोक्यावर कुणी नको." शिवाय वर गच्ची, म्हणजे वाळवणाला जागा. आल्या आल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी कुरडया घातल्या आणि संध्याकाळी माझ्यासमोर एक मोडून दाखवली. "बघ, एका उन्हात कशी खणखणीत वाळली. असा तापणारा स्लॅब नशिबाने मिळतो गं." मी मान डोलावली. मला तेव्हा कुरडया तळायला लागणार याचंच टेन्शन होतं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा अंबरनाथला डायलिसिस सुरू झालं. सुया, रिक्षा, तिथलं ताटकळणं, सगळं त्यांनी निभावून नेलं. एक गोष्ट मात्र त्यांना जमेना, पाणी. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. सकाळी मी एक लहान बाटली भरायची आणि त्यातच चहा, त्यातच गोळ्या, त्यातच आमटीचा रस. बाटली संपली की दिवस संपला. जास्त प्यायलं तर ते बाहेर पडायला वाट नाही, छातीत साठतं आणि दम लागतो. एकदा तसं झालं होतं. बसल्या बसल्या त्यांचा श्वास अडकला आणि आम्ही त्यांना उचलूनच खाली नेलं. ती रिक्षा मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून पाण्याची चावी माझ्याकडे. त्यांचं एक पितळेचं फुलपात्र होतं, माहेरून आणलेलं, पसरट तोंडाचं. त्याला आतून, काठापासून बोटभर खाली, एक पोचा होता. पोच्यापर्यंत पाणी, त्याच्यावर नाही, असं आमचं ठरलेलं. त्या घोट घोट करून प्यायच्या, तोंडात घोळवायच्या आणि शेवटी फुलपात्र उपडं करून तळहातावर पडलेला थेंब ओठांना लावायच्या. मला बघवायचं नाही. मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या वेळी मी ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी पुसत बसायचे.

माणसाला तहान किती लागावी हे घर ठरवतं, हे मला डायलिसिसच्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं. पावसाळ्यात आणि थंडीत बाटली पुरायची. मार्च संपला आणि दुपारी जेवणं होईतो ती रिकामी व्हायला लागली. सासूबाईंची जीभ टाळूला चिकटायची, बोलताना टक्क आवाज व्हायचा. एसी होता. पण वरून स्लॅब भट्टीसारखा आणि खाली एसीची फुंकर, तो बिचारा तरी काय करणार! दिवसभर घरघर करायचा, विजेचं बिल बघून डोळे पांढरे व्हायचे आणि खोली जेमतेम कोमट. त्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते आमच्याकडे. लाईट गेली की दोन मिनिटांत खोली होती तशी.

म्हणून मी सगळे करतात तेच केलं. संध्याकाळी ऑफिसातून आले की पर्स टाकायची आणि गच्चीवर जाऊन तिथल्या नळाचा पाईप स्लॅबवर सोडायचा. पाणी पडलं की स्लॅब चर्र करायचा, वाफ यायची, मातीचा वास यायचा. मग ते पाणी कोपऱ्यातल्या भोकातून पावसाळी पाईपमध्ये उतरायचं आणि सासूबाईंच्या खिडकीला लागून घळघळत खाली जायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा जिन्यातच आडवे आले. "मॅडम, पाणी दिवसाआड येतंय, आणि तुम्ही स्लॅबला आंघोळ घालताय?"

"तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता हो," मी म्हटलं. "एक संध्याकाळ आमच्या घरी काढा. मग मला आंघोळीच्या गोष्टी सांगा."

ते गेले पुटपुटत. मी पाणी टाकणं थांबवलं नाही. आमच्याकडे माणूस आजारी आहे, आम्ही टाकणार, असा माझा खाक्या.

पण एक दिवस मी पाईप बंद करून खाली आले, तर सासूबाई पलंगावर खिडकीकडे तोंड करून पडलेल्या. पाईपमधून उरलेलं पाणी अजून ठिबकत होतं. मी आले हे त्यांना कळलं असावं, कारण त्या मागे न वळताच म्हणाल्या, "छताचं बरं आहे बाई. त्याला रोज पोटभर मिळतं."

रागाने नाही म्हणाल्या. चेष्टाच केली, त्यांच्या नेहमीच्या तिरक्या सुरात. ज्या बाईला मी पोच्यापर्यंत मोजून पाणी देते, तिच्या डोक्यावर मी रोज एवढं पाणी ओतत होते, तिला ऐकू जाईल असं. मला रडूच आलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडायची सोय होती, पण नळसुद्धा सोडवेना.

त्या दिवशी मी नवऱ्याला निक्षून सांगितलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर पाणी टाकणार नाही. काहीतरी कर. ही खोली पाण्याशिवाय गार झाली पाहिजे."

माझा नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. बोलतो कमी, आणि बोलतो तेव्हा कंपनीचंच बोलतो. जरा वेळाने म्हणाला, "लॅगिंग करू."

"म्हणजे?"

"आमच्याकडे वाफेच्या पाईपना गुंडाळतात ना, तसं. आतली वाफ आत, बाहेरचं बाहेर. आपण छताला करू. गोधडी घालू म्हण ना."

सासूबाईंनी आतून ऐकलं. "उन्हाळ्यात गोधडी? पोराचं डोकं फिरलंय का? आहे ते उकडतंय ते कमी पडतंय होय?"

"आई, गोधडी गरम नसते. ती फक्त अडवते. इकडचं तिकडे जाऊ देत नाही."

त्यांना पटेना. मग काही वेळाने त्यांचं त्यांनाच आठवलं. उल्हासनगरला त्यांच्या घरामागे बर्फाचा कारखाना होता. हातगाडीवर बर्फाच्या लाद्या निघायच्या, त्या लाकडाच्या भुशात ठेवून वरून गोणपाट घातलेलं. "मी नवी नवरी, मला वाटायचं, आधीच वितळतोय, त्यात याला पांघरूण कशाला घालतात! तसंच का रे हे?"

"तसंच."

"मग घाल बाबा. मला बर्फ कर." हसल्या त्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

दिवाळीनंतर आम्ही कामाला लागलो. उल्हासनगरच्या बाजारात जाऊन पत्र्याच्या शेडना लावतात तसल्या हलक्या फोमच्या जाड शीट आणल्या. दुकानदार सिंधी होते, वयस्कर. त्यांच्याशी मी अशी घासाघीस केली की नवरा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. "दीदी, किसके कमरे के लिए?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सासूबाईंच्या. "सास के लिए इतना झगड़ा?" म्हणाले आणि हसत भाव उतरवला. त्या शीट छताला चिकटवून खालून पीओपी केलं. पश्चिमेच्या भिंतीलाही आतून तेच, कारण दुपारी ऊन त्या भिंतीवर असतं. गच्चीवर उन्हाला परत पाठवणारा पांढरा रंग दिला. त्यासाठी सोसायटीची मीटिंग झाली. "मग वाळवण कुठे घालायचं?" असं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं आणि मी उठून काही बोलणार तोच नवऱ्याने माझा हात दाबला. तो स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, "आईला तहान लागते." एवढंच. सेक्रेटरींनी खाली मान घालून सही केली.

खिडक्यांना जाड पडदे लावले. दाराखालच्या फटीत सासूबाईंच्या जुन्या साडीची वळकटी. आणि नियम केला, सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या लावायच्या, त्या सूर्य बुडाल्यावरच उघडायच्या. "कोंडवाड्यात घातलंय मला," त्या कुरकुरायच्या. आम्ही मराठी माणसं, उकडलं की सताड खिडक्या उघडणारी. उघड्या खिडकीतून वारा नाही, झळ येते, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. मीच कितीदा सवयीने उघडायला जायचे आणि त्या पलंगावरून ओरडायच्या, "अगं, बर्फ वितळेल तुझा!"

उन्हाळा आला. बाकीचं घर तापलं, स्वयंपाकघरात नेहमीसारखा घामाचा चिखल. पण सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं की चेहऱ्याला गारवा लागायचा. एसी थोडा वेळ लावून बंद केला तरी गारवा टिकायचा. शुक्रवारी लाईट गेली तरी खोली दम धरायची. बाटली संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. एकदा तर रात्रीच्या जेवणाला तिच्यात पाणी उरलं होतं. मी ती बाटली नवऱ्याला दाखवायला बाहेर घेऊन गेले, पोराचा रिझल्ट दाखवावा तशी. त्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि तो तिथेच खुर्चीत बसला. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात याहून मोठं सुख झालं नाही.

मग एका संध्याकाळी मी खोलीत झाडत होते, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हल्ली गच्चीवर पाणी नाही का टाकत?"

"आता काय गरज आहे आई? स्लॅब तापतच नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "आवाज यायचा त्याचा. पाईपातून उतरताना घट घट व्हायचं. मी डोळे मिटून ऐकायचे. वाटायचं, आपणच पितोय."

माझ्या हातात झाडू तसाच राहिला. मला वाटलं होतं, तो आवाज त्यांना छळतो. त्या तर संध्याकाळभर त्याची वाट बघायच्या! "मग तेव्हा तसं का बोललात? छताला मिळतं म्हणून?"

"बोलायचं म्हणून बोलले. तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी बोलू?"

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी एक बादली घेऊन पुन्हा गच्चीवर जायला लागले. स्लॅब पांढरा, गार, त्याला पाण्याची काही गरज नाही. मी खाली त्यांची खिडकी वीतभर उघडून यायचे आणि वर कोपऱ्यात बसून तांब्याने ते पाणी सरळ पाईपात सोडायचे, सावकाश, थांबत थांबत. सेक्रेटरींनी एकदा पाहिलं. मला वाटलं, आता हे बोलणार. पण ते तसेच जिना उतरून गेले. खाली आले की सासूबाई म्हणायच्या, "आज बरं झालं बाई," जसं काही जेवण झाल्यावर म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. गारवा तहान भागवतो, किडनी नाही देत. मे महिन्यात डायलिसिस त्यांना सोसेना, मध्येच रक्तदाब खाली जायचा. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्रास देऊ नका. मी एकच विचारलं, "पाणी?"

"मागतील तेवढं द्या," ते म्हणाले.

मी रिक्षात सासूबाईंच्या कानात सांगितलं, आई, आता पाणी मोकळं झालं. घरी आल्या आल्या फुलपात्र भरलं, पोच्याच्या वर, काठापर्यंत. त्यांना उशाला टेकवून ओठांशी धरलं. पण त्यांना गिळता येईना. पाणी ओठांच्या कडेने गळ्यावर ओघळलं. मी पुन्हा धरलं, पुन्हा तेच. इतके दिवस जे मी हाताने अडवलं ते द्यायला निघाले तेव्हा घशानेच दार लावलं होतं. शेवटी कापसाचा बोळा भिजवून जिभेवर फिरवत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना काहीतरी तिरकं बोलायचं होतं. त्यांच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी, पडदे ओढलेल्या त्या गार खोलीत, त्या गेल्या.

आमच्यात माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात आणि शेजारी पाणी ठेवतात. जीव दहा दिवस घरात घुटमळतो, त्याला तहान लागते असं म्हणतात. सकाळी पाणी बघायचं. कमी झालं असलं तर प्यायला. मी त्यांचंच फुलपात्र ठेवलं. सासूबाईंची धाकटी बहीण उल्हासनगरहून येऊन राहिली होती, आम्ही तिला मावशी म्हणतो. ती सकाळी उठली की आधी त्या खोलीत जायची.

"ताई प्यायली नाही गं," पहिल्या दिवशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही पाणी काठाशी. तिसऱ्या दिवशी मावशी फुलपात्रासमोर बसून हुंदके द्यायला लागली. "रागावलीये ती. जन्मभर तहानलेली राहिली, आता पाण्याला तोंड लावत नाही. काय राहिलं गं ताई तुझं?" माझ्या नवऱ्याने तिला समजावलं, "मावशी, खोली गार आहे, बंद आहे. इथलं पाणी उडत नाही. बाकी काही नाही." मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तुझी कंपनी तुझ्यापाशी ठेव." तो बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले, तर तो गॅलरीत कठड्याला धरून लहान पोरासारखा रडत होता. आईची खोली त्याने इतकी चांगली केली होती की तिचं पाणी कमी होत नव्हतं.

त्या दुपारी मावशी बाहेरच्या खोलीत झोपली होती. मी सासूबाईंच्या खोलीत गेले. दाराखालची साडीची वळकटी काढली. पडदे सारले. दिव्याभोवती पत्र्याचा डबा उभा केला, वात विझू नये म्हणून. आणि त्या ऐन उन्हात दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. झळ आली ती तोंडावरच आली. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. खोली तापत गेली, पलंगाचं लोखंड तापलं, माझ्या अंगाची लाही झाली. एकदोनदा वाटलं, आता लावावी खिडकी. "बर्फ वितळेल" असं कुणी ओरडलं नाही. मी खिडकी लावली नाही, त्या दिवशी नाही आणि रात्रीही नाही.

सकाळी मावशी आत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. "अगं, ये! प्यायली गं! ताई प्यायली!"

मी जाऊन पाहिलं. पाणी थोडंसं उतरलं होतं, पार पोच्यापर्यंत नाही, पण काठ कोरडा होता. मावशी भिंतीला टेकून हसत होती आणि रडत होती. नवरा दारात उभा होता. त्याने उघड्या खिडक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो मावशीजवळ जाऊन बसला.

ऊन प्यायलं होतं ते पाणी, मला काय ठाऊक नव्हतं! तरी मावशी चहाला गेल्यावर मी तांब्या घेऊन तिथे बसले. फुलपात्र भरलं, पोचा बुडेस्तोवर, काठोकाठ, वरून थोडं सांडेपर्यंत.

"प्या आई," मी म्हटलं. "आता माप नाही."